मार्थाच्या खुंटीवरचा शर्ट

प्राजू, जरा जवळ ये बघू. तू पुण्यात आणि मी इथं नगरला सावेडीत, हे मलाही कळतं, पण कागदावर तरी जवळ ये, कान धरायचाय तुझा. परवा मला मोबाईलवर तो पिक्चर पाठवलास. वर लिहिलंस, "मावशी, तुमच्या भिंगारला शूटिंग झालंय. मिलिटरीतली लव्हस्टोरी आहे, बघ, हसून हसून मरशील." आणि खाली ती पिवळी तोंडं, डोळ्यांतून पाणी काढून हसणारी. बाई गं, तोंडं पाठवायला वेळ आहे, आणि स्वतःचं तोंड दाखवायला नाही? दिवाळीला येते म्हणालीस, संक्रांत गेली. सासूबाईंना बरं नव्हतं ते मी समजू शकते. पण फोन तर तुझाच होता ना हातात?

असो. रागावून झालं. आता ऐक.

त्या पिक्चरच्या शेवटाला हिरो एसटीतून उतरतो, हातात ट्रंक, आणि समोर ती कँटीनवाल्याची मुलगी उभी असते. तेव्हा तू हिरोचं तोंड बघितलंस ना? सगळे तेच बघतात. मी शर्ट बघते. पुन्हा लाव आणि डाव्या खिशाजवळ बघ. खिशाच्या कोपऱ्याला बोटभर रफू आहे, आणि रफूचा दोरा शर्टाच्या रंगापेक्षा हिरवागार आहे. तो रफू कुणी केला आणि तो शर्ट कुणाचा, ते तुला माहीत नाही. म्हणून एवढं लिहायला बसले. माझी शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं पुड्यांच्या कागदांवर वाचून शिकले, तेव्हा वेलांट्या मोजत बसू नकोस.

भिंगारला आपली पिठाची गिरणी होती तेव्हा तू फ्रॉकमध्ये होतीस. गिरणीच्या भिंतीला टेकून एक पत्र्याची टपरी होती, आठवते का? तिथल्या बाकड्यावर बसून तू पेरू खायचीस आणि एक बाई तुझ्या फ्रॉकची फीत सारखी नीट करायची. ती मार्था. छावणीचं फाटक तिथून हाकेवर, त्यामुळं गिऱ्हाईक सगळं लष्करातलं. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, मूलबाळ नाही, मागं राहिली ती एक कोळशाची पितळी इस्त्री. नवऱ्याचीच होती. दोन्ही हातांनी उचलावी लागेल एवढी जड, पण मार्था ती एका हातानं अशी फिरवायची, जशी तू मोबाईलवर बोट फिरवतेस.

मार्था माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी कॉलर. आणि तिचा उजवा हात तिच्या ताब्यातला नव्हता. समोरच्याची कॉलर वाकडी दिसली की हात आपोआप पुढं जायचा. एसटीचा कंडक्टर असो, दळण घेऊन आलेली बाई असो, चर्चमधले पाळकसाहेब असोत. एका रविवारी पाळकसाहेब उपदेश करायला उभे राहिले आणि ही पहिल्या बाकावरून उठली, त्यांचा झगा खांद्यावर नीट केला आणि परत येऊन बसली. उपदेश कशावर होता ते कुणालाच आठवत नाही.

आमच्या सुनीलच्या लग्नात तर तिनं कहर केला. नवरदेव घोड्यावर, बँड सुरू, आणि मार्था घोड्यापुढं आडवी. "उतर खाली. पाठीवरनं ट्रॅक्टर गेल्यावानी दिसतोय." आचाऱ्याच्या चुलीतले निखारे तांब्यात भरले आणि त्या तांब्यानं तिथंच मंडपाच्या टेबलावर सुनीलचा कोट सरळ केला. भटजी ओरडतायत, "अहो बाई, मुहूर्त!" ही मान वर न करता म्हणते, "मुहूर्त एकदाच असतोय भटजी. फोटो जलमभर बघायचेत." आता फोटो बघताना सूनबाईसुद्धा म्हणते, कोट काय बसलाय!

हसू येतं ना? मलाही येतं. पण संध्याकाळची मार्था तू बघितली नाहीस. छावणीतला बिगुल वाजला की ती निखाऱ्यांवर पाणी शिंपडायची. मग खुंट्यांवरच्या शर्टांकडं वळून एकेकाला नावानं सांगायची, "चला सावंत, झोपा आता. यादव, उद्या परेड हाय ना तुमची? कॅप्टनसायब, तुमीबी." मी गिरणी झाडताना भिंतीतून ऐकायचे. पहिल्यांदा वाटलं कुणी आलंय. मग कळलं, कुणी नसतंय म्हणूनच ही बोलतेय. सकाळी जो तो आपला शर्ट घेऊन जायचा आणि खुंट्या रिकाम्या व्हायच्या.

तिचा एक नेम होता, आणि तो अख्ख्या छावणीला पाठ होता. ज्याचा कपडा, त्याच्याच हातात. भाऊ असो, बायको असो, साहेबाचा हुकूम असो, दुसऱ्याला देणार नाही. एकदा एक साताऱ्याकडचा जवान रडकुंडीला आला होता. सुट्टीवर मुलगी बघायला निघालेला, स्वतःची पँट ओली, आणि खुंटीवर त्याच्या मित्राची नवी कोरी.

"अक्का, दोन दिवसांसाठी द्या. तो काही बोलणार नाही, माझा दोस्त आहे."

"दोस्ताच्या पँटीत पोरगी बघनार?"

"हो."

"अन् पोरगी पँट बघून हो म्हनली तर लगीन कोनाचं लावायचं? तुजं का दोस्ताचं?"

पोरगा ओलीच पँट घालून गेला. मार्थानं ती अंगावरच इस्त्रीनं वाळवायची तयारी दाखवली होती, पण तो पळाला.

त्या खुंट्यांमध्ये एक खुंटी मेंगाळ हवालदारांची होती.

मेंगाळ आपल्याच जिल्ह्यातल्या अकोल्याकडचे, पार भंडारदऱ्याच्या डोंगरातले. काळे, उंच, कमी बोलणारे. बायको बाळंतपणात गेलेली, एक मुलगी, ती गावाकडं आजीजवळ. दर रविवारी ते कपडे घेऊन यायचे, बाकड्यावर बसायचे, कपडे होईपर्यंत रस्त्याकडं बघायचे. सुट्टीवरून आले की पिशवीतून गावचा तांदूळ आणायचे. "घरचा हाय," एवढंच म्हणायचे. त्यांची एक खोड होती. धुवायला दिलेल्या शर्टाची सगळी बटणं ते गळ्यापर्यंत लावून द्यायचे. आणि मार्थाची दर रविवारी त्यावरून बोंब.

"अवो, बटनं लावून का देता? मला सगळी पुन्ना काढावी लागत्यात."

"वाऱ्यानं उडतोय मग."

"पिशवीत कुठला वारा?"

"सवय हाय."

एवढंच. पुढच्या रविवारी पुन्हा बटणं लावलेली, पुन्हा तीच बोंब. मी एकदा मार्थाला म्हटलं, "अगं, सांगून ऐकत नाही तर सोड ना." तर म्हणाली, "तुला काय कळतंय कमल? त्यांनी बटनं सोडून दिली तर मग आमी बोलायचं काय?"

तो रफू त्याच बाकड्याजवळचा. टपरीच्या पत्र्याचा कोपरा मेंगाळांच्या खिशाला लागला आणि टर्रकन फाटला. मार्थाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथल्या तिथं शिवायला बसली, पण डब्यातला दोरा संपलेला, उरला तो पोपटी. मेंगाळ म्हणाले, लावा तोच. रफू झाला, पण परेडला तो शर्ट चालायचा नाही. "उसवून पुन्ना करते," म्हणाली, तर नको म्हणाले. तेव्हापासून तो शर्ट खुंटीवरच राहिला. महिन्या-दोन महिन्यांनी ती तो धुवायची, इस्त्री करायची, पुन्हा टांगायची. संध्याकाळी सगळे शर्ट गेले तरी झोपा म्हणायला तेवढा एक असायचाच.

मेंगाळ रिटायर झाले, त्या दिवशी मी दळणाचे डबे मोजत दारातच उभी होते, म्हणून ऐकलं. चोरून नाही ऐकलं हां, आवाज आपोआप येत होता. ट्रंक रस्त्यावर ठेवलेली, रिक्षावाला घाई करतोय. मार्थानं शर्टाची घडी करून पुढं केली. मेंगाळांनी घेतली नाही.

"ऱ्हाऊ द्या तो हितंच."

"हितं काय करू?"

"न्यायला येतो. पोरीचं लगीन लावतो अन् येतो."

मेंगाळ रिक्षात बसले, तर हिचा हात आत गेला आणि त्यांची कॉलर नीट करून बाहेर आला. झालं. ती दोघं चाळिशी ओलांडलेली, तो डोंगरातला, ही ख्रिस्ती, दोन्हीकडचे लोक काय म्हणतील ते दोघांनाही माहीत. पण शर्ट न्यायला येतो म्हणजे काय, हे त्यांना कळलं आणि भिंतीपलीकडं मला कळलं.

पोरीचं लग्न झालं. मग मेंगाळांची आई अंथरुणाला खिळली. मग भावाच्या जमिनीचं काहीतरी. नाताळाला मात्र फोन यायचा, न चुकता. "हॅलो. मेंगाळ बोलतोय. बरं हाय ना? शर्ट हाय ना?" ही म्हणायची, "हाय." फोन बंद. त्या एका 'हाय'वर बाई वर्षभर इस्त्री फिरवायची.

आणि मग तो पिक्चर आला.

भिंगारच्या पलीकडं, टपरीपासून जवळच, उजाड माळ आहे ना, तिथं त्यांनी खोटी बराक उभी केली. मुंबईहून टेम्पो, छत्र्या, जनरेटर. शंभर पोरांचे हिरवे युनिफॉर्म चुरगळून आले होते, तेव्हा मार्थाची टपरी त्यांना सापडली. काम भरपूर, मार्था खूश. गिरणी तेव्हा बंद झालेली आणि मी सावेडीत राहायला आलेली, पण रोज रिक्षा करून जायचे बघायला. गोष्ट तर तुला माहीतच आहे. आळशी जवान, कँटीनवाल्याच्या मुलीसाठी पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात पडून राहतो, सुभेदार त्याला पकडतो, वगैरे.

एक दिवस हिरो चिखलात पडण्याचा सीन होता. पडला. मग जेवणाची सुट्टी. सुट्टीनंतर तोच हिरो तसाच चिखलानं भरलेला मुलीपुढं उभा राहणार होता. कपडेवाल्यानं चिखलाचा शर्ट बाकड्यावर ठेवला आणि जेवायला गेला. परत येऊन बघतो तर शर्ट धुतलेला, इस्त्री केलेला, बाहीला धार. डायरेक्टर डोक्याला हात लावून खुर्चीत बसला. "किसने किया ये?"

मार्था पुढं झाली. "म्या केलं. असल्या अवतारात पोरीपुढं उभा करता व्हय पोराला? कोन देईल पोरगी?"

हिरो बिचारा पुन्हा चिखलात पडला. तू ज्या सीनला सगळ्यात जास्त हसली असशील ना, तो दुसऱ्यांदा पडलेला आहे. पहिल्यांदा तो याहून बरा पडला होता, मी बघितलंय.

आता नीट ऐक. शूटिंगच्या शेवटी-शेवटी तो एसटीचा सीन आला, टपरीसमोरच्याच रस्त्यावर. हिरो कुठं तरी लांब बर्फात राहून परत येतो. डायरेक्टरला जुना दिसणारा शर्ट हवा होता. कपडेवाल्यानं नवा शर्ट चहात बुडवला, दगडावर घासला, तरी तो नवाच दिसायचा, डाग पडलेला नवा. सगळे चिडलेले, ऊन उतरायला लागलेलं. मार्था बाकड्यावर बसून बघत होती. मुलगी तयार होऊन उभी होती एसटीच्या पाटीखाली, गजरा सुकत चाललेला.

मार्था उठली, टपरीत गेली आणि खुंटीवरचा तो शर्ट घेऊन बाहेर आली.

मी म्हटलं, "मार्था, कुणाचा आहे तो?"

"म्हायतीय मला कोनाचा."

"अगं, मग? तू कधी कुणाचा कुणाला दिला नाहीस. त्या पोराला ओल्या पँटीत पाठवलंस!"

तिनं शर्टाची बटणं एकेक सोडली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "कमल, एकदा तरी यिऊ दे त्याला एसटीतनं उतरून. मी लांबून बघते."

मी पुढं होऊन कपडेवाल्याला हाक मारली.

कपडेवाल्याकडून तिनं तीनदा वदवून घेतलं की संध्याकाळी परत मिळेल. हिरो उतरला, मुलगी पुढं आली, डायरेक्टर कट म्हणाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मार्था टाळ्या वाजवत नव्हती. पदराचं टोक तोंडात धरून उभी होती. आणि मग एकदम पांगापांग झाली. दिवे उतरवले, दोऱ्या गुंडाळल्या, सगळे कपडे एका पेटाऱ्यात कोंबले आणि टेम्पो मुंबईच्या रस्त्याला. कपडेवाला आधीच्या गाडीनं गेलेला. आम्ही दोघी म्हाताऱ्या टेम्पोच्या मागं धावलो, प्राजू. खरंच धावलो. धुळीत टेम्पो दिसेनासा झाला तेव्हा मार्था थांबली आणि म्हणाली, "आता त्यो आला तर काय दिऊ गं हातात?"

खुंटी रिकामी राहिली. तिनं तिथं दुसरं काही टांगलं नाही.

पिक्चर लागला तेव्हा मी तिला नगरच्या थिएटरात घेऊन गेले. आजूबाजूला कॉलेजची पोरं, शिट्ट्या, हसणं. सुभेदार हिरोच्या पलंगाखाली सापडतो तिथं तर माझ्याही डोळ्यांत पाणी आलं हसून. मार्था एकदाही हसली नाही, ती वाट बघत होती. शेवटी एसटी आली, दार उघडलं, तो शर्ट पायरीवर दिसला. एवढा मोठा, भिंतीएवढा, आणि तो पोपटी रफू तळहाताएवढा. अंधारात तिचा उजवा हात उठला, पडद्याकडं. "कॉलर वाकडी हाय," ती म्हणाली. मागचं पोरगं ओरडलं, "ओ आज्जी, हात खाली!" मी तिचा हात धरला आणि पिक्चर संपेपर्यंत सोडला नाही.

पुढं तो पिक्चर टीव्हीवर आला, मोबाईलवर आला. घरोघर गेला. आणि यंदा नाताळाला फोन आला नाही.

मार्थानं करंज्या केल्या होत्या, मी दुपारपासून तिच्याकडंच. फोन समोर ठेवलेला. ती सारखी त्याच्यावरची धूळ पुसायची, धूळ नव्हतीच. संध्याकाळी म्हणाली, "रेंज नसंल डोंगरात." मी म्हटलं, "तू लाव." म्हणाली, "नगं."

नवं वर्ष लागल्यावर एक जवान सुट्टीवरून छावणीत परतताना टपरीवर आला. मेंगाळांच्या गावचा. हातात तांदळाची पिशवी. मी तिथंच होते.

"मेंगाळकाकांनी दिलाय. अन् निरोप हाय."

"काय?"

पोरगं लाजत होतं, पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणालं, "शर्ट बघितला टीव्हीवर, म्हनले. रफू वळखला. बरं झालं, कामी आला. तुमी कोनाचा कपडा दुसऱ्याला देत न्हाई, तुमी दिला म्हंजी इचार करूनच दिला आसंल. आता यायचं कारन ऱ्हायलं न्हाई. राग न्हाई, म्हनले. तांदूळ घरचाच हाय."

बघ, प्राजू. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, शर्टच तो, पिक्चरवाल्यांना दिला, मजा झाली. पण मेंगाळांना मार्थाचा नेम माहीत होता ना! इतकी वर्षं तिनं तो पाळला आणि त्यांनी तो बघितला. तिनं शर्ट दिला, म्हणजे वाट बघणं सोडलं, असं त्यांनी धरलं. तिनं दिला होता तो ते यावेत म्हणून. आणि त्यामुळंच ते येईनात.

जवान गेला. मार्थानं तांदूळ परातीत ओतला आणि निवडायला लागली. तांदूळ स्वच्छ होता, एक खडा नव्हता. ती निवडतच राहिली.

मी म्हटलं, "फोन कर आणि सांग खरं काय ते."

"फोनवर काय सांगू? लांबून बघायला दिला म्हनून? ह्या वयात?"

"मग मी सांगते."

"तू सांगशील अन् त्याचा आनिक एक पिक्चर करशील."

दोन आठवडे तसेच गेले. मी जायचे, बसायचे, यायचे. इस्त्रीचं कामही कमी झालेलं, पोरं आता कपडे मशीनला टाकतात. संध्याकाळी बिगुल व्हायचा आणि ती निखारे विझवून गप बसून राहायची. झोपा म्हणायला खुंटीवर कुणी नव्हतं. मला सावेडीला परत यावंसं वाटायचं नाही आणि तिथं बसवायचंही नाही.

मग एका सकाळी तिचा फोन. "तारकपूरच्या स्टँडवर ये. संगमनेरच्या गाडीला."

मी धावतपळत गेले. मार्था निळं पातळ नेसून उभी, अशी इस्त्री केलेलं की पदराच्या कडेनं बोट कापावं. हातात एक कापडी पिशवी.

"कुठं निघालीस?"

"अकोल्याला. फुडं जीप मिळती म्हनं."

"आणि त्याला काय नेतेस? शर्ट तर नाही."

"शर्ट एसटीतनं घरी येतो, तर मला काय धाड भरलीय?" म्हणाली. आणि मग जरा घाबरून, हळू, "त्यानं दारात उभं केलं न्हाई तर सांजच्या गाडीनं माघारी येते. तू हितं ऱ्हाशील ना स्टँडवर?"

"राहीन," म्हटलं. टपरीची किल्ली तिनं माझ्या हातात दिली.

गाडीत ती बसेना. जागा सगळ्या रिकाम्या. कंडक्टर म्हणाला, "मावशी, बसा की, पुढं लांबचा पल्ला आहे." ही म्हणते, "चुरगळंल." गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीतून हात बाहेर आला, माझा पदर खांद्यावर नीट केला, आणि गेला. मी बघत राहिले. अर्धी रिकामी एसटी, सगळे बसलेले, आणि मधे एक बाई दांड्याला धरून ताठ उभी. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभीच होती.

संध्याकाळी मी संगमनेरकडून येणारी प्रत्येक गाडी बघितली. शेवटी सुनील मला न्यायला आला. ती उतरली नाही. दुसऱ्या दिवशीही मी जाऊन बसले. फोन लागत नव्हता. चांगलं झालं की वाईट, काहीच कळेना. आणि खरं सांगू का, चांगलं झालं असावं अशी देवाला विनवणी करत होते आणि येईल त्या गाडीतून ती उतरावी असंही वाटत होतं. दोन्ही एकदम.

गेल्या आठवड्यात इथं बेल वाजली. सुनील आणि सूनबाई कामावर, मी एकटी, नेहमीसारखी. दारात एक जीपवाला. अकोल्याकडचा, पेशंट घेऊन नगरला आलेला.

"कमलमावशी तुमीच का? मार्थाआज्जींनी सांगितलंय, टपरीतली इस्त्री धाडून द्या."

मी आधी विचारलं, "कशी आहे ती?"

"बरी हाय की. शाळेतल्या पोरांच्या कॉलरी वढीत फिरती. मास्तरबी भितात तिला."

"आणि मेंगाळ?"

तो हसायला लागला. "मेंगाळबाबा काय, पायरीवर बसून ऱ्हातेत. कुडत्याची बटनं गळ्यापत्तूर लावून धुवायला टाकतेत. मग म्हातारी अशी बोंबलती, अशी बोंबलती, वरच्या आळीला आयकू येतं."

प्राजू, मी त्याला चहा दिला, लाडू दिला. इस्त्री दिली नाही. म्हटलं, जड आहे, जीपमध्ये आपटेल, मीच घेऊन येते. दुसऱ्या दिवशी भिंगारला जाऊन टपरी उघडली आणि रिक्षात मांडीवर घेऊन ती घरी आणली. चिंच लावून घासली. आता टीव्हीशेजारी ठेवलीय. सूनबाई म्हणते, "आई, किती छान शोपीस! यात मनी प्लांट लावू." मी नको म्हटलं. दुपारी घर रिकामं असतं तेव्हा तो पिक्चर लावते, शेवट बघते आणि बंद करते. परवा बिगुलाच्या वेळेला इस्त्रीकडं बघून माझ्याच तोंडून निघालं, "झोपा आता." मग माझी मीच दचकले. इथं सावेडीत बिगुल ऐकूसुद्धा येत नाही.

तेव्हा तू ये. गाडी घेऊन ये, मला एसटीत एवढी जड इस्त्री झेपायची नाही. या रविवारी नाही जमलं तर पुढच्या, पण ये. इथं एक रात्र राहा, तुला आवडते ती शिपी आमटी करते, आणि सकाळी दोघी निघू अकोल्याला.

आणि ऐक, येताना चुरगळलेलाच ड्रेस घालून ये. तिला बरं वाटेल.